फीट आणि मेंदूची सूज : प्रतिकारपेशी काय करतात, घरच्यांनी काय करायचं

फीटची गोळी मेंदूतली सूज उतरवत नाही आणि सूज उतरवणारं औषध फीटच्या गोळीची जागा घेत नाही. ज्याच्या फीटमागं सूज आहे त्याला बहुतेक वेळा दोन्ही लागतात. दोन्हींची मुदत वेगळी, बंद करायची रीत वेगळी. एकाच्या भरवशावर दुसरं सोडलं की आजार उलटतो. पुढची माहिती रुग्णाच्या घरच्यांसाठी, आशाताईंसाठी आणि गावात रुग्णाला सगळ्यात आधी पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. औषधांचं प्रमाण जागोजागी दिलंय ते डॉक्टरांची चिठ्ठी वाचून कळावी, गोळी बदलली गेली तर ध्यानात यावं म्हणून. त्यावरून घरच्या घरी औषध सुरू करू नका.

झटका, आकडी, फेफरं, मिरगी, फीट ही नावं एकाच गोष्टीची, पण कारणं बरीच. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१७ साली कारणांचे सहा गट केले: मेंदूच्या रचनेतला दोष, जनुकीय, संसर्ग, चयापचय, प्रतिकारशक्ती आणि अज्ञात. इथं आपण संसर्ग आणि प्रतिकारशक्ती या दोनच गटांबद्दल बोलतोय, कारण या दोन्हींत फीट पेटवण्यात शरीराच्या स्वतःच्या राखणदार पेशींचा मोठा हात असतो.

आधी समोरची फीट हाताळा

१. घड्याळ बघा. फीट सुरू झाल्याची वेळ कुणीतरी एकानं मोठ्यानं सांगायची.

२. रुग्णाला जमिनीवर घ्या, आसपासचा कोयता, विळा, चूल, दगड बाजूला करा. गळ्याशी घट्ट असलेलं बटण, रुमाल, माळ सैल करा.

३. कुशीवर वळवा, तोंड थोडं जमिनीकडं. लाळ बाहेर पडली पाहिजे. दातात चमचा, कापड, बोट काहीही घालायचं नाही. दात तुटतो किंवा तुकडा श्वासनलिकेत जातो.

४. ५ मिनिटांत फीट थांबली नाही, मधे शुद्ध न येता दुसरी आली, गरोदर बाई असेल, किंवा ही आयुष्यातली पहिलीच फीट असेल तर १०८ ला फोन करा.

५. डॉक्टरांनी मिडाझोलमचा नाकातला फवारा दिला असेल तर तो ५ मिनिटं झाल्यावर मारा. प्रमाण साधारण किलोमागं ०.२ मिलिग्रॅम असतं. १५ किलोच्या लेकराला ३ मिलिग्रॅम. एका दाबात ०.५ मिलिग्रॅम देणारी बाटली असेल तर ६ दाब, प्रत्येक नाकपुडीत ३. मात्र प्रत्येक बाटलीचं एका दाबाचं प्रमाण सारखं नसतं. म्हणून चिठ्ठीवर 'किती मिलिग्रॅम' याच्यासोबत 'किती दाब' हेही लिहून घ्या आणि बाटलीवर चिकटपट्टी लावून ठेवा. ऐन वेळी हिशेब होत नाही.

बहुतेक फीट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते. चप्पल हुंगवली, कांदा फोडून नाकाशी धरला आणि तेवढ्यात थांबली, म्हणून त्याचा गुण आला असं वाटतं. तेवढ्या वेळात मोबाइलवर व्हिडिओ काढला तर तो खरोखर उपयोगी पडतो. चेहरा आणि दोन्ही हात दिसू द्या. डोळे कोणत्या बाजूला वळले, आधी कोणता हात हलला हे त्यात कळतं. उजव्या हातापासून सुरुवात झाली तर गडबड बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, आणि स्कॅन वाचणाऱ्याला कुठं बारकाईनं पाहायचं ते ठरवता येतं.

सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराला तापात एखादी छोटी, सगळं अंग हलणारी फीट आली आणि ते लगेच पूर्ण शुद्धीवर आलं तर बहुतेक वेळा मेंदूत सूज नसते. ताप कशाचा हे डॉक्टरांना दाखवायचंच, पण घाबरून लगेच स्कॅन करायची गरज सहसा नसते. याउलट फीटसोबत न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, मान ताठ होणं, गुंगी, एका बाजूचा अशक्तपणा किंवा चार-आठ दिवसांत बदललेलं वागणं असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

जागल्या पेशी फीट कशी पेटवतात

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. स्पॅनिश संशोधक पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ साली त्यांना वेगळं ओळखलं आणि नाव दिलं. इतर प्रतिकारपेशी रक्तातून येतात-जातात, या मात्र गर्भावस्थेच्या अगदी सुरुवातीला मेंदूत शिरतात आणि तिथंच राहतात. गावच्या जागल्यासारखं काम: सतत फिरती, मेलेल्या पेशी उचलणं, कुठं काही बिनसलं की ओरडून उठवणं.

हे ओरडणं म्हणजे रासायनिक निरोप. त्यातले दोन महत्त्वाचे: इंटरल्यूकिन-१ बीटा आणि टीएनएफ. पहिला निरोप चेतापेशीवरच्या एनएमडीए नावाच्या दारावर परिणाम करतो आणि पेशीत कॅल्शियम जास्त शिरू लागतं. दुसरा उत्तेजन घेणारी दारं वाढवतो आणि पेशीला शांत करणारी दारं आत ओढून घेतो. दोन्हींचा परिणाम एकच: पेशी जराशा कारणानं भडकते. फीट आली की दुखावलेल्या चेतापेशी एचएमजीबी-१ नावाचं प्रथिन बाहेर सोडतात, ते जागल्या पेशींना पुन्हा उठवतं. सुजेतून फीट, फीटमधून सूज असं चक्र बसतं. लांबलेली फीट लवकर थांबवायला सांगतात त्यामागं हेही एक कारण आहे.

दुसरी गोष्ट कुंपणाची. रक्त आणि मेंदू यांच्यात एक घट्ट अडसर असतो. सुजेत तो सैल होतो. मग टी पेशी, बी पेशी, भक्षक पेशी अशा रक्तातल्या प्रतिकारपेशी आत येतात आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिनही झिरपतं. मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट पेशींचं एक काम म्हणजे चेतापेशींभोवती साठलेलं पोटॅशियम उपसणं. अल्ब्युमिन शोषलं की त्यांचं हे काम मंदावतं. चर बुजला की काळं रान चिबडतं, तसं पोटॅशियम तुंबतं आणि आसपासच्या पेशी एकदम पेटतात.

पण याच पेशी जंतू मारतात, किड्याभोवती भिंत बांधतात. म्हणून सूज सरसकट दाबायची नसते. कधी, किती आणि कशाच्या आडोशानं दाबायची, यावरच उपचार उभा असतो.

डोक्यातला किडा : शाकाहारी घरातही

आपल्याकडं फीटनंतर स्कॅनमध्ये छोटी गोल गाठ दिसली तर पहिल्यांदा संशय डुकराच्या पट्टकृमीच्या अळीचा घेतला जातो. घरात माळकरी मंडळी असली की विश्वास बसत नाही, म्हणून हे नीट समजून घ्या. नीट न शिजलेलं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतली अळी मात्र कृमीच्या अंड्यांतून येते, आणि ती अंडी कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. न धुतलेले हात, सांडपाण्यावर वाढलेली कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर कच्चं खाणं, उघड्यावरची हागणदारी हे रस्ते. मांस कधी न खाणाऱ्यालाही हा आजार होतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

जिवंत अळी पाण्याच्या छोट्या पिशवीत (सिस्ट) गुपचूप बसते. ती प्रतिकारपेशींना चकवणारे पदार्थ सोडते, त्यामुळं वर्षानुवर्षं आसपास सूज नसते, माणसाला काही जाणवत नाही. अळी मरायला लागली की हे चकवणं संपतं. लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी, इओसिनोफिल, भक्षक पेशी सगळ्या धावून येतात, भोवती सूज चढते आणि पहिली फीट बऱ्याचदा याच टप्प्यावर येते. स्कॅनवर कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर चमकणारं कडं दिसतं ते या हल्ल्याचं. म्हणजे फीट येते तेव्हा किडा बहुधा मरणाच्या वाटेवर असतो.

यातूनच उपचाराचा क्रम ठरतो. अल्बेंडाझोल किड्याला मारतं, म्हणजे सूज आणखी भडकवतं. औषध सुरू केल्यावर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात डोकेदुखी, उलट्या, फीट वाढतात ते यामुळंच. म्हणून सूज उतरवणारं स्टेरॉइड आधी, साधारण एक दिवस अगोदर, मग अल्बेंडाझोल. अल्बेंडाझोलचं प्रमाण साधारणपणे दिवसाला किलोमागं १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, एक-दोन गाठी असतील तर १० ते १४ दिवस. ५० किलोच्या माणसाला हे दिवसाला ७५० मिलिग्रॅम होतं, म्हणून सहसा ४०० ची गोळी सकाळ-संध्याकाळ. ही गोळी उपाशीपोटी घेतली तर फार थोडी शोषली जाते. तेल-तूप असलेल्या जेवणासोबत द्या. उपास असेल त्या दिवशीही जेवण टाळू नका.

गोळी सुरू होण्याआधी तीन गोष्टी झाल्यात का ते विचारा.

डोळ्यांचा पडदा तपासला का? डोळ्यात अळी असेल आणि ती औषधानं मेली तर तिथल्या सुजेनं नजर जाऊ शकते.

गाठी किती आहेत? मेंदूभर असंख्य गाठी आणि एकंदर सूज असेल तर किडा मारणारं औषध द्यायचं नसतं. एकाच वेळी सगळ्या गाठी भडकल्या तर जीव धोक्यात येतो. तिथं फक्त सूज उतरवतात. मेंदूतलं पाणी तुंबलं असेल तर आधी त्याचा बंदोबस्त, मग बाकीचं.

गाठ चुनकळी झालीय का? सीटीवर पांढराशुभ्र ठिपका म्हणजे मेलेल्या अळीवर बसलेला कॅल्शियमचा थर. त्याला अल्बेंडाझोलची गरज नाही. मात्र या ठिपक्याभोवती अधूनमधून सूज येऊ शकते आणि वर्षांनंतर फीट परतू शकते, म्हणून अशा रुग्णाची फीटची गोळी घाईनं बंद करत नाहीत.

शाळेत वाटतात ती जंताची गोळी ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलचीच असते. बाकी मुलांनी ती घ्यावी, ती चांगलीच आहे. पण ज्या लेकराच्या डोक्यात गाठ सापडलीय किंवा कारण न शोधलेल्या फीट येतात त्याच्या आईवडिलांनी मास्तरांना आधी सांगून ठेवावं आणि डॉक्टरांना विचारूनच गोळी द्यावी.

आणि घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करून घ्या. कृमी बाळगणारा माणूस अनेकदा त्याच घरात किंवा स्वयंपाकघरात असतो, त्याला स्वतःला त्रास नसतो. त्याला औषध दिलं नाही तर पुढची अंडी पुन्हा ताटात येतात.

गाठ टीबीची असेल तर

स्कॅनमध्ये किड्याची आणि टीबीची गाठ सारखीच दिसू शकते. ढोबळ खूण अशी: किड्याची गाठ सहसा २० मिलिमीटरपेक्षा लहान, गोल आणि मेंदूला बाजूला न ढकलणारी. टीबीची मोठी, वेडीवाकडी, भोवती जास्त सूज, आणि हातपाय हळूहळू कमजोर होत जाणं. आत अळीचं डोकं ठिपक्यासारखं दिसलं तर प्रश्न मिटतो, आणि ते एमआरआयवर चांगलं दिसतं. चुन्याचा ठिपका मात्र सीटीवर चांगला दिसतो. म्हणून एक झालं तर दुसरं कशाला, असं म्हणून वाद घालू नका. शंका उरली तर छातीचा एक्स-रे आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी उपयोगी पडते.

टीबीची औषधं साधारण वर्षभर चालतात आणि सुरुवातीला सोबत स्टेरॉइड असतं. इथं तीन ठिकाणी घात होतो. नुसतं स्टेरॉइड, टीबीच्या गोळ्यांशिवाय: चार दिवस रुग्ण टवटवीत दिसतो आणि जंतू मोकाट वाढतात. दुसरं, गोळ्या सुरू असतानाच गाठ मोठी दिसू लागते. बऱ्याचदा ही औषध हरल्याची खूण नसते. मरणाऱ्या जंतूंवर प्रतिकारपेशींनी पुन्हा जोर धरलेला असतो. घरचे या टप्प्यावर गोळ्या सोडतात, आणि तिथंच नुकसान होतं. गोळ्या चालू ठेवून पुन्हा दाखवा. डॉक्टर आधी औषध नियमित घेतलं का आणि जंतू औषधाला दाद देतोय का हे तपासतील, मग बहुधा स्टेरॉइड वाढवतील. तिसरं, औषधांची आपसातली भांडणं. टीबीचं रिफाम्पिसिन अनेक फीटच्या गोळ्यांचा आणि स्टेरॉइडचाही असर कमी करतं. टीबीचंच आयसोनियाझिड हे फेनिटोइन आणि कार्बामाझेपीन या फीटच्या गोळ्यांची रक्तातली पातळी वाढवतं. रुग्णाची चाल डगमगू लागली, एकाचे दोन दिसू लागले, डोळे थरथरू लागले तर 'अशक्तपणा' म्हणून सलाइन लावत बसू नका, फेनिटोइनची पातळी तपासा. लेव्हेटिरासिटाम हे फीटचं औषध या भांडणात फारसं पडत नाही, म्हणून टीबीच्या रुग्णाला ते अनेकदा निवडतात. त्यानं चिडचिड वाढू शकते, तेवढं ध्यानात ठेवा.

राखणदारच उलटतो तेव्हा

आधी धडधाकट असलेल्या माणसाला काही दिवस ते तीन महिन्यांच्या आत विसरभोळेपणा, वागण्यात बदल आणि फीट एकत्र सुरू झाली तर स्वतःच्याच मेंदूवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीचा विचार व्हायलाच हवा.

यातला सगळ्यात चुकणारा रुग्ण म्हणजे तरुण मुलगी. आधी ताप-डोकेदुखी, मग झोप उडते, भीती वाटते, असंबद्ध बोलते, कुणाला ओळखत नाही. पुढं फीट, तोंडाची-जिभेची विचित्र हालचाल, बोलणं बंद, नाडी आणि बीपी वरखाली. घरात 'बाहेरचं' म्हणून आठवडे जातात. एनएमडीए दारांविरुद्ध बी पेशींच्या कुळातल्या पेशी प्रतिपिंडं (शत्रूला चिकटणारी प्रथिनं) बनवतात आणि ती दारं पेशीच्या आत खेचली जातात. या आजारात अशी प्रतिपिंडं असतात हे जोसेप दालमाऊ यांच्या गटानं २००७ साली दाखवलं. काही बायकांत याचं मूळ बीजकोशातल्या टेराटोमा नावाच्या गाठीत असतं, म्हणून पोटाची सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतोच. ती गाठ काढल्याशिवाय मेंदू शांत होणं अवघड. देवाला, दर्ग्याला जायचं तर जरूर जा, पण आधी दवाखाना. वेळेत उपचार मिळाले तर यातल्या अनेक मुली पुन्हा कॉलेजात जातात.

दुसरा प्रकार पन्नाशीच्या पुढच्यांत. चेहरा आणि त्याच बाजूचा हात सेकंदभर आखडतो आणि सुटतो, दिवसातून अनेकदा, कधी शंभरावर. भांडं हातातून पडतं. रक्तातलं सोडियम वारंवार कमी येतं. हा एलजीआय-१ प्रतिपिंडांचा आजार असू शकतो. याला फीटच्या गोळ्या फारशा दाद देत नाहीत, स्टेरॉइड मात्र चांगलं लागू पडतं, आणि लवकर दिलं तर स्मरणशक्ती वाचू शकते.

तपासणीत रक्त आणि पाठीतलं पाणी दोन्ही पाठवा. एनएमडीएचा आजार पाण्यात जास्त खात्रीनं सापडतो, एलजीआय-१ चा रक्तात. आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते प्रतिपिंडांचं औषध) देण्याआधी रक्त काढून ठेवा, कारण त्या बाटलीत हजारो दात्यांची प्रतिपिंडं असतात आणि नंतरचा रिपोर्ट फसवू शकतो. रिपोर्टला बरेच दिवस लागतात. लक्षणं स्पष्ट असतील तर डॉक्टर तोवर थांबत नाहीत. उलट वर्षानुवर्षं फीट असलेल्या, वागणं-स्मरण ठीक असलेल्या प्रत्येकाला ही महागडी तपासणी करायची गरज नाही.

स्टेरॉइडच्या आधी हर्पीस विषाणूचा मेंदूज्वर बाजूला काढावा लागतो. शंका असेल तिथं त्या विषाणूवरचं असायक्लोव्हिर लगेच सुरू होतं: किलोमागं १० मिलिग्रॅम, दर ८ तासांनी, १४ ते २१ दिवस, मूत्रपिंड सांभाळायला पुरेशा सलाइनसोबत. पहिल्या तीन दिवसांत पाण्यातली पीसीआर तपासणी खोटी निर्दोष येऊ शकते, म्हणून एका रिपोर्टवर औषध बंद झालं तर 'पुन्हा पाणी तपासायचं का?' हे विचारा. आणि हर्पीस बरा झाल्यावर काही आठवड्यांनी रुग्ण पुन्हा बिघडला तर विषाणूच परतलाय असं समजू नका. त्या जखमेतून काही रुग्णांत एनएमडीए प्रतिपिंडं तयार होतात.

उलटलेल्या प्रतिकारशक्तीचा पहिला उपचार: मोठ्या माणसाला मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसाला १ ग्रॅम शिरेतून, ३ ते ५ दिवस. सोबत किंवा नंतर आयव्हीआयजी दिवसाला किलोमागं ०.४ ग्रॅम, ५ दिवस. ५० किलोला रोज २० ग्रॅम, एकूण १०० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २० बाटल्या. बिल पाहताना हा हिशेब जुळवा. दुसरा पर्याय प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलण्याचा, सहसा ५ ते ७ वेळा, एक दिवसाआड. आयव्हीआयजी दिल्यावर लगेच प्लाझ्मा बदलला तर नुकतंच दिलेलं औषध धुऊन निघतं, म्हणून आधी प्लाझ्मा, मग बाटल्या हा क्रम. यानं भागलं नाही तर बी पेशी कमी करणारं रिटुक्सिमॅब. खर्च मोठा आहे. भरती होतानाच महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटून काय बसतं, काय बसत नाही ते विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं हे जवळचे आधार आहेत. जाताना रिपोर्टच्या कागदासोबत स्कॅनच्या मूळ फिल्म किंवा सीडी न्या.

रासमुसेनचा मेंदूदाह दुर्मिळ, पण ओळखायला सोपा: लेकराचा एकच हात किंवा चेहऱ्याची एकच बाजू तासन्‌तास, दिवसेंदिवस फडफडत राहते आणि ती बाजू हळूहळू लुळी पडते. इथं सीडी-८ टी पेशी मेंदूच्या एकाच अर्ध्या भागावर तुटून पडतात. औषधं हा आजार रेंगाळवतात, फीट थांबवते ती शस्त्रक्रिया, आणि ती जितकी योग्य वेळी तितकं दुसऱ्या अर्ध्या मेंदूला काम उचलता येतं.

पाठीतलं पाणी

'पाणी काढलं की माणूस लुळा पडतो' ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यापायी निदान अडतं. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये घालतात. तिथं फक्त सुट्या नसा पाण्यात तरंगत असतात. शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर पाणी नव्यानं बनवतं, म्हणजे काढलेलं १० मिलिलिटर अर्ध्या तासात भरून निघतं. खरा धोका मेंदूत मोठी गाठ किंवा जास्त दाब असताना पाणी काढण्याचा. म्हणून अशी शंका असेल तर आधी स्कॅन. पाणी काढतानाच रक्तातली साखरही मोजून घ्या, कारण पाण्यातली साखर कमी आहे की नाही हे रक्ताशी ताडूनच कळतं. पाण्यात पांढऱ्या पेशी सहसा ५ पर्यंत असतात. त्याहून जास्त आल्या तर प्रतिकारपेशी आत उतरल्यात. नंतर एक-दोन दिवस उठल्यावर डोकं दुखू शकतं, आडवं झाल्यावर थांबतं.

स्टेरॉइड घरी आल्यावर

प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी सकाळी, जेवून. रात्री घेतलं तर झोप उडते, आणि झोप उडाली की फीट येते. तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस घेतलं असेल तर एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं विसरलेलं असतं, माणूस गळून पडतो, बीपी घसरतो, आणि मेंदूतली सूजही उसळते. 'आता बरं वाटतंय' म्हणून संपलेली पट्टी परत न आणणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

दुकानदारानं डेक्सामेथासोन आणि प्रेडनिसोलोन 'दोन्ही स्टेरॉइडच' म्हणून बदलून दिलं तर घेऊ नका. डेक्साचं ०.७५ मिलिग्रॅम साधारण प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमइतकं असतं. गोळीला गोळी बदलली तर प्रमाण कित्येक पट चुकतं. आठवड्यातून एकदा साखर आणि बीपी मोजा. मधुमेह्यानं रोज. पोटात जळजळ, काळी शी, खोकला किंवा ताप आला तर कळवा. लांबचा कोर्स ठरला असेल तर तो सुरू होण्याआधी दडलेला टीबी आणि आतड्यातले जंत तपासायला सांगा. स्टेरॉइडखाली दोन्ही उफाळतात.

कारखान्यावर जाताना आणि गोळी सोडताना

बीड, धाराशिव, जालन्याकडची टोळी दसऱ्या-दिवाळीनंतर उसाला निघते आणि फीटच्या गोळ्या गावीच राहतात. पूर्ण हंगामाच्या गोळ्या आणि औषधाच्या मूळ नावाची चिठ्ठी सोबत घ्या. कंपनीचं नाव कर्नाटकात मिळेलच असं नाही. फाइलचे फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. मुकादमाला आजार सांगून ठेवा: रुग्णाला मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढवू नये, ट्रॅक्टर चालवायला देऊ नये, विहिरीवर एकटं पाठवू नये. रात्री गाडी भरायला उठवलं तर दिवसा तेवढी झोप मिळालीच पाहिजे. एक गोळी चुकली तर आठवल्याबरोबर घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नका. खोप्यांजवळ कच्चा मुळा-कोथिंबीर खायची तर वाहत्या पाण्यात चोळून धुवा, शक्यतो शिजवूनच खा.

एकच चमकणारी गाठ होती, ती पुढच्या स्कॅनमध्ये, साधारण सहा महिन्यांनी, विरघळलेली दिसली, चुन्याचा ठिपका राहिला नाही, आणि सहा महिने फीट नाही, तर डॉक्टर गोळी कमी करायचा विचार करतात. आजाराच्या काळात दोनपेक्षा जास्त फीट आल्या असतील, गोळी चालू असताना फीट आली असेल किंवा ठिपका राहिला असेल तर गोळी जास्त काळ चालते. कमी करतानाही टप्प्याटप्प्यानं, काही आठवड्यांत. आणि पहिली कपात हंगाम संपून गावी परतल्यावर करा, जेव्हा रात्रीची झोप पुरी होते, घरात कुणीतरी सोबत असतं आणि दवाखाना एसटीच्या अंतरावर असतो.